शाईचा डाग: चोळू नका, टिपा

२०२० च्या जुलैतली गोष्ट. शाळा बंद होत्या, आणि कोथरूडच्या आमच्या घरातला बदामी सोफा हाच माझ्या मुलीचा वर्ग झाला होता. एक दिवस तास संपवून ती उठली, तेव्हा उशीच्या कडेला दोन रुपयांच्या नाण्याएवढा निळा ठिपका दिसला. टोपण न लावलेलं बॉलपेन पाऊण तास तिथं टेकून पडलं होतं. त्या दिवसांत सॅनिटायझर घरोघरी होताच. मी बाटली उचलली, डागावर भरपूर ओतली आणि फडक्यानं जोर लावून घासलं. ठिपका फिका पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते, तर तिथं बशीएवढं निळसर वर्तुळ. तेही पुसलं. आठवडाभरानं ते पुन्हा वर आलं.

ते वर्तुळ मला फार लागलं होतं. सोफा आम्ही पैसे साठवून करून घेतला होता, आणि मुलगी तर आठ दिवस त्या जागेवर बसेना. मग मी सोफे शिवणाऱ्या कारागिरांना विचारलं, लाँड्रीवाल्यांना विचारलं, घरातल्या चिंध्यांवर मुद्दाम शाई सांडून पाहिली. त्यातून जे हाती लागलं ते सविस्तर सांगते.

आधी माझं चुकलं कुठं ते पाहू. शर्टाचा डाग आणि सोफ्याचा डाग यांत मोठा फरक आहे. शर्ट बादलीत बुडवता येतो. सुटलेली शाई पाण्याबरोबर वाहून जाते. सोफ्याच्या कापडाखाली मात्र चार-पाच इंच स्पंज असतो. वरून ओतलेल्या पातळ पदार्थात शाई विरघळते खरी, पण तिला जायला वाट एकच, खाली. स्पंज ती पिऊन घेतो. मग तो सुकायला लागला की ओल वरच्या बाजूनं उडते, आतली ओल तिची जागा घ्यायला वर सरकते आणि येताना रंग घेऊन येते. आठ दिवसांनी परत आलेलं वर्तुळ म्हणजे मी स्वतः आत ढकललेली शाईच होती.

म्हणून सोफ्यावर शाई विरघळवायची ती थेंबाथेंबानं, आणि विरघळली की त्याच क्षणी वर उचलून घ्यायची. मराठीत यासाठी नेमकं क्रियापद आहे: टिपणं. आपल्या आधीच्या पिढीच्या वहीत टिपकागद असायचा. ओल्या अक्षरांवर तो कोणी फिरवत नसे. अलगद ठेवायचा, बोटांनी दाबायचा आणि सरळ वर उचलायचा. सोफ्यावर हाताची हालचाल तीच हवी. घासल्यानं शाई धाग्यांच्या पिळात शिरते, कापडाची लव उठते, आणि डाग गेला तरी ती जागा कायमची झिजकी दिसते.

शाई ओली असेल तर पहिली दहा मिनिटं सोन्याची. काहीही ओतू नका. टिपकागद, टिश्यू, जुना सुती पंचा, जे हाताशी असेल ते डागावर दाबा आणि दर वेळी कोरडी बाजू घ्या. दौत सांडली असेल तर टाल्कम पावडरचा जाड थर द्या. ती ओल शोषून घेते. रंगलेली पावडर चमच्यानं कडेकडून मधे गोळा करत उचला. घाईत हात मधून बाहेर जातो आणि डाग पसरतो. कोणतीही कृती करताना दिशा बाहेरून आत, हे सतत ध्यानात असू द्या.

त्यानंतरचा प्रश्न, शाई कोणती? जूनमध्ये अप्पा बळवंत चौकातून शाळेच्या सामानाची पिशवी घरी येते, तेव्हा तिच्यातून पाच तऱ्हेच्या शाया येतात. बॉलपेन, जेलपेन, शाईपेन, स्केचपेन, मार्कर. दिसायला सगळ्या निळ्या-काळ्या, पण प्रत्येकीचं घटक द्रव्य वेगळं. डाग कशाचा ते आठवत नसेल तर सोपी चाचणी करा. पांढरा कापूस गार पाण्यात भिजवून पिळा आणि डागाच्या कडेला दहा सेकंद दाबा. कापसावर रंग आला तर शाई पाण्यातली आहे. न आला तर दुसऱ्या बोळ्यावर दोन थेंब स्पिरिट घेऊन तसंच करा. त्यावर रंग आला तर शाई तेलकट किंवा राळेची. दोन्ही बोळे पांढरेच राहिले, तर तो रंग विरघळणारा नाही, आणि त्याच्याबद्दल पुढे वेगळं सांगायचं आहे.

पाण्यातली शाई सर्वांत समजूतदार. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेल्या व्यवसायातून पुढे कॅम्लिन उभी राहिली, त्याची सुरुवात ‘हॉर्स ब्रँड’ शाईच्या पुडीनं आणि टिकल्यांनी झाली होती. पुडी पाण्यात कालवायची की शाई तयार. जी पाण्यात कालवता येते, ती पाण्यानंच सुटते. शाईपेन आणि बहुतेक स्केचपेनांचे डाग या जातीचे. वाटीभर गार पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब घाला, हलवून फेस करा आणि कापडाला लावा तो फक्त फेस. पाणी गारच हवं. गरम पाण्यानं रंग धाग्यात पक्का बसायची भीती असते. फेस लावा, टिपा, पुन्हा लावा, पुन्हा टिपा. शेवटी साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं साबण टिपून घ्या, कारण कापडात उरलेला साबण पुढे धूळ धरतो.

शाईपेनातली जुन्या पद्धतीची निळी-काळी पक्की शाई मात्र याला अपवाद. तिच्यात लोहक्षार असतात. लिहिताना ती निळी दिसते, मग हवेनं काळवंडते. तिचा निळा रंग साबणानं जातो आणि मागे गंजासारखी तपकिरी छटा राहते. त्या छटेवर लिंबाचा रस अर्धाअर्धा पाणी घालून, फक्त बोळ्यानं, पाच मिनिटं. मग पाण्यानं टिपणं. ब्लीच इथं अजिबात नको. ब्लीचनं शाईचा रंग जाईल, पण लोखंडाचा डाग आणखी घट्ट होईल.

आता बॉलपेन. घरातल्या दहापैकी सात डाग याचेच असतात, म्हणून इथं जरा थांबते. बॉलपेनचा जनक लास्लो बिरो हा हंगेरियन पत्रकार. छापखान्यातली शाई चटकन वाळते हे पाहून त्याला तशी दाट शाई पेनात हवी होती, आणि १९३८ साली त्यानं पेटंट घेतलं. ती शाई मुळातच चिकट, तेलकट. पाण्याला ती जुमानत नाही, अल्कोहोलला मात्र लगेच सुटते. मेडिकलमध्ये मिळणारं सर्जिकल स्पिरिट चालतं. त्याहून चांगलं म्हणजे ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्त करणारे सर्किट पुसायला तेच वापरतात. बुधवार पेठेत तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानांत विचारून पाहा. त्यात पाणी जवळजवळ नसल्यानं कापडावर ओलीचं वर्तुळ उमटत नाही. सॅनिटायझर मी वापरला तो चुकीचाच होता. त्यात पाणी असतं, ग्लिसरीन असतं, जेलमध्ये चिकटपणा आणणारं द्रव्यही असतं. अल्कोहोल उडून जातं आणि बाकीचं कापडात राहतं.

कृती अशी. सोफ्याच्या उशीला चेन असेल तर ती हळूच उघडा आणि कापड व स्पंज यांच्यामध्ये एक स्टीलची ताटली सरकवा, तिच्यावर घडी केलेला पंचा. एवढ्यानं अर्धं काम होतं. शाई खाली गेली तरी पंच्यावर जाईल, स्पंजात नाही. चेन आहे म्हणून अभ्रा काढून मशीनमध्ये टाकू नका, तो आटला तर उशीवर परत चढत नाही. मग जुन्या पांढऱ्या सुती कापडाचे तळहाताएवढे पंधरा-वीस तुकडे करून बाजूला ठेवा. स्पिरिट डागावर ओतायचं नाही, तुकड्यावर घ्यायचं, चहाच्या चमच्याचा पाव भाग पुरे. तुकडा डागावर ठेवून बोटांनी दाबा, पाच मोजा, वर उचला. पहिल्या तुकड्यावर डागाचा हुबेहूब ठसा येतो, गर्द निळा. तो तुकडा बाजूला. दुसरा घ्या. तिसऱ्या-चौथ्या तुकड्यापर्यंत ठसे गर्दच राहतात आणि डाग मात्र आहे तेवढाच वाटतो. इथं माणसाचा धीर सुटतो आणि हात घासायला लागतो. थांबा. सातव्या-आठव्या तुकड्यावर ठसा आकाशी होतो, बाराव्यावर नुसती कड उमटते. रंगलेली बाजू पुन्हा कापडाला लागू देऊ नका. उचललेली शाई आपणच परत देतो. उरलेल्या फिकट छटेला साबणाचा फेस, आणि शेवटी कोरडा पंचा दाबून ओल काढायची.

स्पिरिट पेटतं, हे प्रत्येकानं मनावर घ्यावं. देवघरातलं निरांजन, उदबत्ती, स्वयंपाकघरातला गॅस बंद करा, खिडक्या उघडा, मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा. वापरलेले तुकडे लगेच केराच्या डब्यात कोंबू नका, गॅलरीत वाळू द्या. ओल्या जागेवर इस्त्री किंवा गरम ड्रायर फिरवू नका. आणि ब्लीच कशातही मिसळू नका. व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर त्याचा क्लोरीन वायू होतो. स्पिरिटबरोबरही ते घातक आहे. दोन उपाय करायचे तर मधे पाण्यानं टिपून जागा पूर्ण वाळू द्या.

मार्करला स्पिरिटच लागतं, पण वेळ दुप्पट. त्यात राळ असते, ती आधी मऊ व्हावी लागते. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन जास्त जोरकस असतं, पण ते रेक्झीन वितळवतं आणि काही कृत्रिम धागेही, त्यामुळे त्याच्या नादी न लागलेलं बरं. शिक्क्याच्या पॅडची शाई आधी साबणानं, मग स्पिरिटनं. मतदानाच्या दिवशी बोटाला लावतात ती शाई वेगळीच. म्हैसूरच्या कारखान्यात होणारी ही शाई १९६२ पासून निवडणुकांत वापरतात. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, ते उजेडात काळं पडतं. तिला ना स्पिरिट लागू पडतं ना साबण. मत देऊन आल्यावर बोट पुरतं वाळल्याशिवाय सोफ्यावर बसू नये, एवढाच तिच्यावरचा उपाय.

राहिली ती विरघळत नसलेली शाई. काळ्या जेलपेनात पुष्कळदा काजळीचे अतिसूक्ष्म कण असतात. पुण्यातल्या पेशवे दप्तरात रुमालात बांधलेले मोडी कागद आजही वाचता येतात ते याच गुणामुळे. बोरूनं लिहिलेली ती शाई काजळीचीच. काजळीला उन्हानं विटवता येत नाही, ती पाण्यात विरघळत नाही आणि स्पिरिटमध्येही नाही. कागदावर जे वरदान, तेच सोफ्यावर संकट. इथं विरघळवायचा प्रयत्न सोडा. कण धाग्याला ज्या चिकटद्रव्यानं धरले आहेत ते सैल करायचं आणि कण उचलायचे. थोडं स्पिरिट, त्यावर साबणाचा दाट फेस, मऊ टूथब्रशनं कापडाच्या विणीच्या दिशेनं अलगद थोपटणं, आणि टिपणं. चार दिवसांत चार बैठका कराव्या लागतात. डाग ऐंशी टक्के गेला तर ते यश माना आणि हात आवरा. पुढच्या बैठकीत शाईऐवजी कापडाचा मूळ रंग निघायला लागतो.

कापडाचाही विचार शाईइतकाच करायला हवा. कोणताही उपाय आधी सोफ्याच्या मागच्या किंवा खालच्या बाजूला करून पाहा आणि दहा मिनिटांनी बघा. पॉलिस्टर आणि मायक्रोफायबर स्पिरिट छान सहन करतात. सुती हातमागावर रंग उतरायची शक्यता जास्त. पांढऱ्या सुती कापडावर शेवटची छटा राहिली, तर मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. बाटलीवर ६ टक्के लिहिलेलं असेल तर तेवढंच पाणी घालून ते ३ टक्क्यांचं करा. वेलवेटवर लव एका बाजूला निजलेली असते, तिच्या दिशेनंच टिपा आणि ओलसर असतानाच मऊ ब्रशनं उभी करा. रेक्झीनवर वेळ फार थोडा मिळतो. शाई हळूहळू प्लॅस्टिकच्या आत मुरते आणि दोन-चार दिवसांनी ती कशानंच निघत नाही. दिसल्या क्षणी साबणाचं फडकं, आणि न निघाल्यास इअरबडच्या टोकाएवढं स्पिरिट, लगेच ओल्या फडक्यानं पुसून. खणाचे आणि इरकलीचे अभ्रे, पैठणीच्या काठांच्या उशा, खरं चामडं यांना घरी हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. खणाचा रंग साध्या पाण्यातही जातो.

जुन्या वाड्यांतल्या आरामखुर्च्या आणि शिसवी कोच ज्यांच्याकडे आहेत त्यांना एक विनंती. त्या लाकडावर बहुधा लाखेचं फ्रेंच पॉलिश असतं आणि लाख स्पिरिटमध्येच विरघळवलेली असते. गादीचा डाग काढताना एक थेंब खुर्चीच्या हातावर पडला तरी तिथं पांढुरका चट्टा उठतो. आधी लाकूड प्लॅस्टिकनं झाका, मग बाटली उघडा.

दुधाबद्दल सगळे विचारतात. शाईच्या डागाला दूध, हे मीही आजीकडून ऐकलं. आजी ते शाळेच्या सदऱ्याला लावायची आणि नंतर सदरा नळाखाली खळखळून धुवायची, म्हणून ते चालून जायचं. सोफा नळाखाली धरता येत नाही. दूध स्पंजात राहतं, नासतं, आणि शाईपेक्षा वास जास्त सतावतो. ताक, मीठ-लिंबाचा लगदा, टूथपेस्ट यांचंही तेच. टूथपेस्ट तर बारीक पॉलिशकागदासारखी कापडावर चरे पाडते. पूर्वीच्या हेअर स्प्रेमध्ये अल्कोहोल भरपूर असायचं, त्यावरून तो उपाय पसरला; पण केस ताठ ठेवणारा चिकटा त्याच्याबरोबर येतोच.

पुण्यात आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक पाणी. वाघोली, वाकड, उंड्रीकडे पुष्कळ सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं. त्यात क्षार जास्त असतात, आणि डाग गेला तरी वाळल्यावर पांढरी कड राहते. शेवटच्या टिपणीला आरओचं पाणी घ्या. दुसरी गोष्ट पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये ओला स्पंज चार-चार दिवस वाळत नाही आणि बुरशी धरतो. पावसाळ्यात पाणी जितकं कमी तितकं बरं, आणि काम सकाळीच करा, म्हणजे दिवसभर पंख्याखाली जागा वाळते. कोणताही ऋतू असो, रात्री डागाच्या जागी कोरड्या सुती कापडाची चार पदरी घडी ठेवा आणि तिच्यावर दोन जाडजूड पुस्तकं. आतून वर येणारी ओल आणि तिच्याबरोबरचा रंग त्या घडीत जातो. सकाळी घडीवर निळी झाक दिसली तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवा. हे मला २०२० मध्ये कोणी सांगितलं असतं, तर आमची उशी वाचली असती.

घरी येऊन सोफा धुणारे बोलावणार असाल, तर शाई कशाची होती, किती दिवस झाले आणि आपण आधी काय काय लावलं, हे सगळं न लाजता सांगा. त्यांच्याकडची रसायनं तुमच्या स्पिरिट-लिंबाच्या वर पडणार असतात. ‘डाग कापडावरच आहे की स्पंजात गेलाय?’ हा प्रश्न जो स्वतःहून विचारतो आणि पाहून मग बोलतो, त्याच्या हाती काम द्यावं.

आमच्या उशीचा शेवटी वरचा भाग बदलावा लागला. त्याच रंगाचं कापड मिळवायला रविवार पेठेत तीन दुपारी हिंडले; छटा जुळली नाही, शेवटी दोन्ही उशा बदलल्या. सोफे करणाऱ्या कारागिरानं तेव्हा एक गोष्ट सांगितली आणि ती मी पाळते आहे. नवीन सोफा किंवा अभ्रे शिवून घेताना अर्धा मीटर कापड जास्त घ्यायचं. त्यातला वीतभर तुकडा कोणताही उपाय आधी करून पाहायला, बाकीचं ठिगळाला किंवा नव्या पट्टीला. माझं ते अर्धा मीटर कापड कपाटाच्या खालच्या कप्प्यात, स्पिरिटच्या बाटलीशेजारी, कापलेल्या सुती तुकड्यांच्या पुडक्याबरोबर ठेवलेलं आहे. मुलगी आता दहावीत आहे, आणि अभ्यासाला अजूनही तिला तोच सोफा लागतो.